विसाव्याचं फाटक

परवा आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला फाटक बसलं आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. नवऱ्याने विचारलं, "आज आमटीत काय वेगळं घातलंयस?" म्हटलं, "काही नाही. फाटक बसलं." तो रोज कर्जतहून ठाण्याला जाऊन-येऊन इतका दमलेला असतो की त्याने पुढे काही विचारलं नाही. पण मला हे कुणाला तरी सांगायचंच आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी हर्षला. कर्जतहून पळसदरीकडे जाताना डाव्या हाताला 'सह्यपुष्प' नावाची सोसायटी लागते, तिची मी सेक्रेटरी. हे ऐकून फार मोठं काही समजू नका. ज्या सभेत पदाधिकारी निवडले त्या सभेला मी उशिरा पोचले, एवढाच माझा गुन्हा. निम्म्या फ्लॅटचे मालक मुंबईचे. ते शनिवारी येतात, रविवारी जातात आणि मधले दिवस ग्रुपवर सूचना पाठवतात. बाकीचे आम्ही बारमाही. पाणी आलं नाही, लिफ्ट अडकली, माकडाने कुणाच्या गॅलरीत धुडगूस घातला, की बेल माझी वाजते. मला राग पटकन येतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो तितक्याच पटकन जातो, हेही दुर्दैवाने सगळ्यांना कळून चुकलंय.

सोसायटीच्या तीन बाजूंना भिंत होती, मागची बाजू बिल्डरने उघडीच सोडली होती. तिकडून खालच्या आळीतली गुरं आत शिरायची आणि बागेतली जास्वंद फस्त करायची. एकदा एक म्हैस थेट लिफ्टच्या दारापर्यंत आली आणि तिथून हलेना. मग मागेही भिंत घालायचं ठरलं. ठरावाला सूचक आमचा चेअरमन निलेश आणि अनुमोदक मी. म्हशीनं केलेली घाण मीच उभी राहून साफ करून घेतली होती, त्यामुळे माझा हात सगळ्यांत आधी वर गेला होता.

भिंतीसाठी चुन्याची फक्की मारली त्याच दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात खालच्या आळीतल्या अंबाबाई उभ्या. आमच्याकडे त्यांना सगळेच ओळखतात. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण अजून काकड्या, शिराळी, वालाच्या शेंगा पाटीत घेऊन आमच्या पुढच्या फाटकाशी येऊन बसतात. घासाघीस केली की पाटी उचलून चालू लागतात. त्यांचा मुलगा जितेश टेंपो चालवतो. त्या दिवशी त्यांच्या हातात पाटी नव्हती.

"या आजी. पाणी देऊ?"

"पानी मंग दे. आदी सांग, तुमी मागं भिंत घालनार?"

"हो. गुरं येतात ना."

"गुरं आमी बांधू. पन भिंत घातली तं मी टेकू कुठं?"

मला वाटलं, पाटी घेऊन चढ चढताना त्यांना दम लागतो, बसायला जागा हवी असेल. म्हटलं, "पुढच्या फाटकाशी बाकडं आहे की. तिथे खुशाल बसत जा."

अंबाबाईंनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. "आगं बाय, आता न्हवं. मेल्यावर."

मग त्यांनी मला हाताला धरून मागच्या बागेत नेलं. बागेच्या टोकाला, चुन्याच्या रेषेच्या अलीकडे, एक लांबट काळा सपाट दगड आहे. त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, "त्यो इसावा हाय आमचा."

माझं माहेर पोशीरचं. विसावा म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माणूस गेलं की तिरडी निघते, आणि घर आणि स्मशान यांच्या मधे एका ठरलेल्या जागी ती खाली टेकवतात. पुढचे खांदेकरी मागे येतात, मागचे पुढे जातात, आणि मग तिथून सरळ स्मशान. आमच्या पोशीरलाही असा दगड आहे आणि लहानपणी आम्ही त्याच्या बाजूने पळत जायचो.

पण त्या क्षणी मला धसका बसला तो वेगळ्याच कारणाने. या दगडाला आमच्या सोसायटीने देव केला होता.

कुणी सुरुवात केली ते कुणालाच माहीत नव्हतं. एके दिवशी त्या दगडावर दोन-चार ताजी फुलं दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि फुलं दिसली की आपली माणसं आधी चपला काढतात, चौकशी नंतर करतात. मग कुणीतरी पुढच्या बाजूला शेंदूर लावला. कुणी भोवतीने टाइल्स बसवल्या. शनिवारी येणारी मंडळी गाडी लावली की आधी तिथे हात जोडून यायची. सुरभी नावाची एक तरुण आई आहे आमच्याकडे, तिची मुलगी उशिरा चालायला लागली. तिने तिथे नवस बोलून नारळ फोडला होता. बाकीच्यांचं कशाला, माझ्या मुलाची बारावी होती तेव्हा त्याला पेपराआधी मीच तिथे पाया पडायला पाठवत होते.

"आजी, आम्ही शेंदूर फासला तेव्हा तुम्ही कुणी बोलला कसे नाहीत?"

"म्हनलं, शेरातल्या लोकांची रीत आसंल."

"आणि तुमच्या आळीतलं कुणी गेलं, तर इथूनच नेता अजून?"

"मंग? सकाळची नेतो. तुमी निजलेले. मागल्या अंगाला बगतंय कोन?"

खरंच होतं ते. आमच्या बहुतेक फ्लॅटची तोंडं रस्त्याकडे आहेत. आळीतून स्मशानाकडे जाणारी वाट चुन्याच्या रेषेच्या बाहेरून, नदीच्या अंगाने जाते. ती राहणार होती. पण दगड भिंतीच्या आत येणार होता.

"दुसरी वाट आहे ना हायवेकडून?" मी म्हटलं.

"हाय की. पन तिथं टेकनार कुठं, डंपरखाली?"

मग त्या दगडाशेजारी गवतात बसल्या आणि हाताने तो चाचपत बोलू लागल्या. "माज्या मालकाला, मालोजीला, हितंच ठेवला. माजी सासू, सासरा, समदी हितंच टेकली. माजी पैली पोर तीन वर्साची गेली. तिला तं हातावरच नेली, तरी माज्या सासऱ्यानं हितं घटकाभर ठेवली. इसाव्यापत्तुर मानसाचं तोंड घराकडं आसतं. हितं ते शेवटचं घर बगतं. मंग फिरवतात, मंग ते जातं. न टेकता नेलं तं मागं बगतच ऱ्हातं." दगडावरचा हात काढून म्हणाल्या, "मला मागं बगत ऱ्हायचं नाय, पोरी."

माझ्या तोंडून निघालं, "बघते मी आजी."

"बगते नको. काय ते सांग."

शब्द देणं माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. त्या उठून गेल्या आणि मी त्या शेंदराकडे बघत उभी राहिले. मला बिल्डरचा राग आला, म्हशीचा आला, माझ्या वर गेलेल्या हाताचाही आला.

रात्रीचं जेवण उरकायच्या आधीच मी निलेशला फोन लावला. निलेश मुंबईला कुठल्याशा कंपनीत मॅनेजर आहे. माणूस वाईट नाही. फक्त त्याला सगळं टेबलावर मांडल्यासारखं सरळ हवं असतं. तो म्हणाला, "हर्षला मॅडम, भावना समजतात मला. पण प्लॅनमध्ये वाट नाही. आणि सोसायटीच्या बागेत अंत्ययात्रा थांबते असं बाहेर कळलं तर इथे फ्लॅट कोण घेईल? शिवाय तिथे देव आहे आपला."

"तो देव नाहीये, निलेशभाऊ. विसावा आहे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हे ग्रुपवर टाकू नका."

मी टाकलं नाही. पण कायद्याने मला सभा बोलवता येते, ती मी बोलावली. सभा होईपर्यंत भिंतीचं काम थांबवलं. त्या सगळ्या आठवड्यात मी अंबाबाईंना टाळत होते. भाजी घ्यायलासुद्धा बाजारात गेले.

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, स्टेशनवरून वडे आणवले. वडे ठेवले नाहीत तर आमची गणसंख्या पुरी होत नाही. सभा सुरू होतेय तोच बाहेर जितेशचा टेंपो थांबला आणि अंबाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आत आल्या. मागे जितेश, अवघडल्यासारखा.

निलेश उभा राहिला. "आजी, सभासद नसलेल्यांना सभेत बोलता येत नाही."

"बोलत नाय बाबा मी. बसते," असं म्हणून त्या पहिल्या रांगेत बसल्या.

मी विषय मांडला. भिंत घालायला हरकत नाही, पण तिला मागे एक फाटक ठेवावं, म्हणजे आळीतल्या लोकांची जुनी रीत चालू राहील. रीत कोणती हे मी दोन वाक्यं पुढे ढकलत होते, तेवढ्यात सुरभी म्हणाली, "पण ताई, फाटक ठेवलं तर देवापाशी कोणीही येणार. तिथे पावित्र्य नको का राखायला? मी नवस फेडलाय तिथे."

अंबाबाईंना राहवलं नाही. फार मायेनं म्हणाल्या, "पोरी, त्यो देव न्हवं गं. मडं टेकवायची जागा हाय ती."

पुढे जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. सुरभीचा चेहरा पांढराफटक पडला. एकाने हातातला वडा तसाच खाली ठेवला. कुणी म्हणालं, शांत करून घ्यावी लागेल, कुणी म्हणालं, बिल्डरला कोर्टात खेचा. कुणाच्या तरी सासूबाई दर शनिवारी तिथला अंगारा मुंबईला नेत होत्या, ते आत्ता सगळ्यांसमोर निघालं. आणि या गोंधळात निलेश वरच्या आवाजात म्हणाला, "एक काम करू. जेसीबी बोलावू आणि आधी तो दगडच उचलून टाकू. दगड नाही, म्हणजे विषयच नाही."

माना हलायला लागल्या. मला दिसत होतं, एक एक मान हलत होती. मी फाटक मागायला गेले आणि दगडच घालवून बसले. अंबाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. जितेश मागून वाकला, "चल आये. मी बोल्लो हुतो ना तुला, काय हुयाचं नाय." त्या उठल्या नाहीत. माझा राग उफाळून तोंडापर्यंत आला होता आणि मी आता काहीतरी वाटेल ते बोलणार, एवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"फुलं मी ठेवते."

विनिताकाकू प्रधान. गिरगावातलं घर सोडून प्रधानकाकांबरोबर इथे कायमच्या राहायला आलेल्या. काका गेल्या वर्षी गेले. काकू कधी सभेत बोलत नाहीत, सही करतात आणि वर जातात. सगळे वळून बघायला लागले तेव्हा त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

"ती फुलं पहिल्यापासून मी ठेवते. देवाला नाही. यांना."

काकूंनी पदर सावरला.

"हे गेले तो कामाचा दिवस होता. सगळे मुंबईला. माझी त्याबद्दल तक्रार नाही, कुणाला स्वप्न पडतं थोडंच. मुलगा पुण्याहून निघाला होता, तो परस्पर स्मशानात पोचणार होता. खांदा द्यायला माणसं नव्हती. तेव्हा हर्षला पळत आळीत गेली आणि हा जितेश चौघा-पाचांना घेऊन आला. मला म्हणाला, काकू, आमच्या वाटेनं नेऊ ना? मी म्हटलं, न्या."

मला तो दिवस आठवला. आम्ही बायका जिन्यापाशीच थांबलो होतो, आपल्याकडे थांबतात तशा. मी काकूंना वर नेऊन सोडलं आणि चहा करायला आत गेले. पुरुष मागच्या बाजूने गेले ते जवळ पडतं म्हणून, अशी माझी समजूत.

"माझी गॅलरी मागे आहे," काकू सांगत होत्या. "मी तिथे जाऊन उभी राहिले. त्या दगडाशी या लोकांनी ह्यांना खाली ठेवलं. मला वाटलं, काही चुकलं, काही राहिलं की काय. पण तसं नव्हतं. ह्यांचं तोंड माझ्याकडे होतं. थोडा वेळ तसंच राहू दिलं सगळ्यांनी. मग फिरवलं आणि नेलं. मी जे शेवटचं पाहिलं ते तिथे." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "तुम्ही शेंदूर लावलात तेव्हा मी सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. तुम्ही सगळे इतके मनापासून हात जोडत होतात, आणि खरं सांगू का, मला ते बरं वाटत होतं. पण दगड उचलू नका. मीही याच घरातून जाणार आहे. मलाही तिथेच टेकवा."

जितेश खाली बघत होता. अंबाबाईंनी वळून काकूंकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली, एका बाईने दुसऱ्या बाईला ओळखावं तशी.

निलेश खाली बसला, पुन्हा उठला. "काकू, हे मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाला. त्याचे वडील त्याच्याजवळच असतात, गुडघे गेलेत त्यांचे. तो बहुतेक त्यांचा विचार करत होता.

सुरभीने डोळे पुसले. "ताई, ठराव लिहा. फाटकाचा. सूचक काकू, अनुमोदक मी."

हात वर झाले. मी मोजत गेले, आणि पहिल्या रांगेत अंबाबाईंचाही हात वर होता.

"आजी, तुम्हाला मत नाही," निलेश म्हणाला, पण आता हसत.

"आसू दे. हात माजा हाय."

माझा जीव भांड्यात पडला. ठराव मी तिथल्या तिथे लिहून काढला. सभा संपल्यावर मी दोन वडे खाल्ले, एकामागून एक, उभ्याउभ्या.

भिंत चढली. फाटक किती रुंद ठेवायचं यावर नवं त्रांगडं झालं. वेल्डर मापं मागत होता आणि तिरडीला किती जागा लागते हे आम्हाला कुणालाच धड सांगता येईना. शेवटी जितेश बांबूची शिडी घेऊन आला. तिघं आळीतले, चौथा खांदा कमी पडत होता. निलेश तिथेच मापाचा टेप घेऊन उभा होता. जितेश त्याला म्हणाला, "लावा दादा तुमी. रिकामी हाय, भार नाय."

निलेशने टेप माझ्या हातात दिला आणि शिडीखाली खांदा घातला. पहिल्याच फेरीत त्याचा कोपर खांबाला लागला. अंबाबाई बाजूला उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, "आस्ते. आंग चोरू नको. मानूस नेताव, कपाट न्हवं." गॅलऱ्यांमधून पोरं हसत होती. खांब सरकवले, शिडी मोकळी आली-गेली, आणि वेल्डरने खडूने खूण केली. निलेश घामाघूम झाला होता. तो बराच वेळ स्वतःचा खांदा चोळत उभा राहिला.

कुलपावरूनही थोडं वाजलं. निलेशने नवंकोरं कुलूप आणलं होतं. अंबाबाईंनी विचारलं, "किल्ली कोनाकडं?"

"हर्षला मॅडमकडे."

"आनि ती पोशीरला गेली तं मी काय वाट बगू?"

कुलूप परत गेलं. नुसती कडी लावली. म्हशीला कडी काढता येत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं.

परवा फाटक बसलं. पत्र्याचं नको, गजांचंच हवं, हा हट्टही अंबाबाईंचाच, का ते तेव्हा मला कळलं नव्हतं. सगळे पांगल्यावर त्या फाटकातून आत आल्या आणि सरळ दगडावर जाऊन बसल्या. सुरभी मुलीला घेऊन तिथेच होती. तिने चाचरत विचारलं, "आजी, शेंदूर पुसून टाकू का?"

"ऱ्हाऊ दे गं. पोर चालली ना तुजी? मंग झालं."

मग त्यांनी अंग वळवलं, गजांमधून खाली आळीकडे पाहिलं. कौलं दिसत होती, त्यांच्या अंगणातला शेवगा दिसत होता, दोरीवरची चादर दिसत होती. "दिसतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

विनिताकाकू वरून चहा घेऊन आल्या. दगडावर त्यांच्याही पुरती जागा होती, त्या टेकल्या. रोजची फुलं त्यांनी एका बाजूला सरकवली. दोघी चहा प्यायल्या.

फाटकाबाहेर जितेश गाडीला किक मारल्यासारखा पाय आपटत उभा होता. "आये, झालं ना आता तुज्या मनासारकं? चल की."

अंबाबाईंनी रिकामा कप माझ्यापुढे केला. "थांब रं," त्याला म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "आजून थोडा आन, पोरी. आता मला घाई नाय."